बी.पी. काय फक्त यजमानांचंच वाढतं?



आमच्या बोईसर-तारापूरकडच्या बऱ्याच घरांत वर्षातून एकदा एक कागद येतो. यजमानांच्या कारखान्यातल्या वैद्यकीय तपासणीचा. त्यात रक्तदाबाचा आकडा असतो, साखरेचा असतो, वजन असतं. आकडा जरा वर गेला की घरात फर्मान सुटतं, 'यांच्या आमटीत मीठ बेतानं', 'यांना पापड वाढू नका'. आपण ते अगदी मनापासून पाळतो. पण घरातल्या बाईच्या नावाचा असा कागद किती घरांत सापडेल? शोधलाच तर धाकट्याच्या बाळंतपणाच्या वेळचा सापडेल, आणि तो धाकटा आता कॉलेजात जातो!

हे सगळं आठवायला कारण झालं ते बोईसरच्याच एका भगिनीचं पत्र. त्यांचं वय ४८. त्या लिहितात, "गेलं दीड वर्ष पाळी मागेपुढे होते. मधूनच अंगातून वाफा निघतात, छातीत धडधडतं, सकाळी डोकं जड असतं. जाऊबाई म्हणतात, पाळी जायच्या वेळी असंच होतं, थोडं अंगावर काढायचं. बायकांचं दर महिन्याला रक्त जातं, त्यांना कसलं आलंय बी.पी.! मी तपासून घ्यावं का, की उगाच पैसे घालवणं होईल?"

ताई, तपासून घ्या. याच आठवड्यात घ्या. वाफा आणि धडधड पाळी जाण्याच्या काळात होतात हे खरं आहे. पण त्याच काळात बाईचा रक्तदाबही चढू लागतो, आणि नुसत्या जाणवण्यावरून कुठलं कशामुळे हे कुणालाच सांगता येत नाही. वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच जाणवू देत नाही. तो फक्त यंत्रावर दिसतो.

मी काही डॉक्टर नाही. घर सांभाळून शाळेत अर्धवेळ शिकवणारी बाई. पण जे वाचलं आणि डॉक्टरांना विचारून पक्कं करून घेतलं, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

जाऊबाईंचं अर्धं खरं

जाऊबाईंचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. तरुणपणी बाईचा रक्तदाब तिच्याच वयाच्या पुरुषापेक्षा सरासरीनं कमी असतो. मात्र त्याचं कारण पाळीत रक्त जातं हे नाही. कारण वेगळं आहे, ते पुढे सांगते. पण 'बायकांना बी.पी. नसतं' हे मात्र साफ चुकीचं. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यात देशातल्या १५ वर्षांवरच्या शंभर पुरुषांपैकी सुमारे २४ जणांना आणि शंभर बायकांपैकी सुमारे २१ जणींना वाढलेला रक्तदाब होता किंवा त्यासाठी गोळी चालू होती. म्हणजे फरक अवघा तिघांचा! आणि साठी उलटली की पारडं फिरतं. मग बायकांमध्येच याचं प्रमाण जास्त दिसू लागतं.

नळी आणि तिचं अस्तर

आधी रक्तदाब म्हणजे काय ते बघू. अंगणातल्या झाडांना आपण रबरी नळीनं पाणी घालतो. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोरात उडतं, कारण वाट अरुंद झाली. रक्तवाहिन्यांचंही तसंच. वाट मोकळी तर दाब कमी, वाट आवळली तर दाब जास्त. यंत्रावरचा वरचा आकडा हृदय आवळून रक्त ढकलतं त्या क्षणाचा, आणि खालचा हृदय सैल पडतं त्या क्षणाचा. १२०/८० च्या आत असला तर उत्तम. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा १४० किंवा खालचा ९०, यांपैकी एक जरी गाठला किंवा ओलांडला, तरी त्याला उच्च रक्तदाब म्हणतात.

पण रक्तवाहिनी म्हणजे निर्जीव रबरी नळी नव्हे. तिच्या भिंतीत स्नायू असतात, ते आवळतात नि सैल पडतात. आणि आतून एक अतिशय नाजूक अस्तर असतं, एकाच पेशीच्या जाडीचं. ब्लाऊजला अस्तर लावलं की ते बाहेरून दिसत नाही, पण बसतं कसं ते त्याच्यावरच अवलंबून असतं. तसंच हे अस्तर. ते स्वतः एक वायू तयार करतं, नायट्रिक ऑक्साइड. आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या मंडळींना हे नाव धुराड्यातला त्रासदायक वायू म्हणूनच माहीत! पण शरीरात तोच अगदी चिमूटभर तयार होतो आणि भिंतीतल्या स्नायूंना सांगतो, 'सैल व्हा.' स्नायू सैल पडले की वाट रुंदावते. हा शोध लावणाऱ्या फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची जी गोळी असते ना, तीही याच वायूच्या वाटेनं काम करते.

आता बाईचा आणि पुरुषाचा फरक इथे येतो. पाळी सुरू झाल्यापासून ती जाईपर्यंत बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन हे संप्रेरक भरपूर असतं. ते या अस्तराला हा वायू जास्त तयार करायला लावतं. शिवाय मन ताणात असलं, धावपळ झाली, की मज्जातंतू वाहिन्यांना 'आवळा' असा हुकूम देतात. पुरुषाच्या वाहिन्या तो बऱ्यापैकी पाळतात. तरुण बाईच्या वाहिन्या मात्र त्यातला काही भाग परतवून लावतात. सकाळचे डबे, पाणी भरणं, पळत जाऊन विरारकडे जाणारी लोकल पकडणं एवढं करूनही तिशीतल्या बाईचा आकडा बहुधा जागेवर राहतो, त्यामागे हे संरक्षण असतं.

पण ते आयुष्यभराचं नाही. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे. त्यानंतर इस्ट्रोजेन ओसरतं, अस्तराचा तो वायू कमी पडू लागतो, वाहिन्या ताठर होतात, खाल्लेलं मीठ रक्तदाबावर जास्त परिणाम करू लागतं, वजन पोटाकडे जमतं. वरचा आकडा हळूहळू चढतो. यात आणखी एक गोष्ट. बाईच्या रक्तवाहिन्या मुळातच पुरुषापेक्षा बारीक असतात. अमेरिकेत बत्तीस हजारांहून जास्त माणसांच्या रक्तदाबाच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की बाईचा रक्तदाब सुरुवातीला कमी असला तरी तरुण वयापासूनच तो पुरुषापेक्षा जास्त वेगानं चढत जातो. म्हणून 'आत्ता कमी आहे ना' यावर निर्धास्त राहायचं नाही.

ज्यांच्या बीजकोश काढण्याच्या शस्त्रक्रिया तरुणपणीच झाल्या, त्यांचं हे संरक्षण तर एका दिवसात जातं. २०१९ साली बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. ऐन तिशी-पस्तिशीतल्या बायका त्यांत होत्या. 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल' असं कुणी म्हटलं, तर दोन प्रश्न जरूर विचारा. दुसरा काही उपाय आहे का? आणि पिशवीबरोबर बीजकोशही काढणार का? ज्यांची अशी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी वय कमी असलं तरी रक्तदाब मोजत राहावा.

बाळंतपण शरीर विसरत नाही

आमच्या ओळखीतल्या एका घरातली गोष्ट. सुनेला आठवा महिना. चेहरा, हातांची बोटं सुजली, बांगड्या घट्ट झाल्या. सगळ्या म्हणाल्या, 'पाणी चढलंय, होतं असं.' मग डोकं असं ठणकू लागलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. नशीब, नर्सबाईंनी वेळेवर दाब मोजला आणि तडक मोठ्या दवाखान्यात धाडलं. बाळ लवकर आलं, वजनानं कमी, पण दोघं सुखरूप. त्यानंतर बाळाचं वजन, बाळाच्या लसी, सगळं वेळच्या वेळी झालं. आईचा दाब मात्र घरी आल्यावर कुणी मोजलाच नाही. तीन वर्षांनी एका शिबिरात सहज मोजला, तर १५०/१००. तेव्हा वय किती, तर एकोणतीस!

गरोदरपणात वीस आठवड्यांनंतर दाब वाढणं, लघवीतून प्रथिनं जाणं, हा फार जपून राहण्याचा आजार आहे. यात वाहिन्यांचं ते अस्तरच दुखावतं. सतत डोकेदुखी, अंधुक दिसणं, चेहरा आणि हात सुजणं, वरच्या पोटात, बरगड्यांखाली कळ येणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. आणि बाळंतपण झालं की धोका संपला असंही नाही. पुढचे सहा आठवडे दाब मोजत राहावा लागतो. एकदा हा आजार होऊन गेलेल्या बाईला पुढे आयुष्यात उच्च रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात होण्याची शक्यता इतर बायकांच्या मानानं दुप्पट किंवा त्याहूनही जास्त असते. म्हणून वर्षातून एकदा तरी दाब मोजायचाच, आणि कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी 'माझ्या बाळंतपणात बी.पी. वाढलं होतं' हे आपणहून सांगायचं. ते विचारतील म्हणून थांबू नका.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. २०१६ सालापासून ही योजना आहे. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून मोठा दवाखाना गाठणं किती अवघड, हे आपल्या जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. घरी कामाला येणाऱ्या, भाजी विकायला येणाऱ्या एखादीच्या घरात गरोदर मुलगी असेल, तर तिला ही तारीख आठवणीनं सांगा.

गोळ्यांच्या डब्यात डोकवा

आता तुम्ही म्हणाल, इस्ट्रोजेन एवढं गुणी, मग त्याच्याच गोळ्या का घेऊ नयेत? इथेच तर गंमत आहे. पाळणा लांबवायच्या ज्या गोळ्यांत हे संप्रेरक असतं, उदाहरणार्थ माला-डी किंवा माला-एन, त्यांनी काहीजणींचा रक्तदाब उलट वाढतो. म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतरही दाब मोजायला हवा. दाब वाढलेला असेल तर डॉक्टर दुसरं साधन सुचवतात. आणि पाळी गेल्यावर हृदय सांभाळण्यासाठी म्हणून संप्रेरकाच्या गोळ्या द्याव्यात का, याचा अमेरिकेत मोठा प्रयोग झाला. २००२ साली त्याचे निष्कर्ष आले. हृदयाचं रक्षण त्यानं झालं नाही, उलट पक्षाघाताचा धोका वाढला. वाफांचा फार त्रास असेल तर डॉक्टर विचार करून देतात, ते वेगळं. पण बी.पी.साठी म्हणून स्वतःच्या मनानं नको.

अंगदुखीच्या गोळ्यांचंही तसंच. कंबर दुखली, गुडघा दुखला की दुकानातून आणून आठवडेच्या आठवडे घेतल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रक्तदाब वाढवतात.

बी.पी.ची गोळी सुरू झाली तर बायकांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. टेल्मिसार्टन, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्या गरोदरपणात बाळाला अपाय करतात. मूल हवं असेल किंवा पाळी चुकली असेल, तर लगेच डॉक्टरांना सांगा. अॅम्लोडिपिननं काहींच्या घोट्यांवर सूज येते, ती बायकांत जास्त. एनालाप्रिलनं कोरडा खोकला येतो, तोही बायकांत जास्त. असं झालं तर गोळी फेकून देऊ नका, बदलून मागा. दुसऱ्या गोळ्या आहेत.

कुणी मुळ्या-पाल्याचा उपाय सांगितला तर त्याबद्दलही एक खरी गोष्ट. आपल्या देशातली सर्पगंधा ही मुळी रक्तदाब उतरवते, हे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटनच्या हृदयविज्ञानाच्या नियतकालिकात लिहिलं आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५७ साली त्यांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण त्या औषधानं काहींचं मन फार उदास होतं हेही पुढे कळलं, आणि आता तिच्याहून सुरक्षित गोळ्या आल्या. म्हणून बाजारातली मुळी आणून उगाळून घेणं नको.

स्वयंपाकघरात काय करायचं

दिवसाला एका माणसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे सपाट लहान चमचाभर, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या पानात त्याहून बरंच जास्त जातं. भाजी, आमटी सोडाच, खरं मीठ दडलेलं असतं लोणच्यात, पापडात, फरसाणात, वेफर्समध्ये, बिस्किटात, पावात. आपल्या किनाऱ्याला खारवलेले मासेही आले. बांबूंवर टांगून उन्हात सुकवलेले बोंबील निराळे आणि मीठ लावून मुरवलेला मासा निराळा. खारा मासा करायचा तर दोन-तीन पाण्यांत भिजवून ते पाणी टाकून द्यावं, वरून मीठ घालू नये, आणि तो रोजचा नसावा.

सैंधव चालतं का, असं पुष्कळजणी विचारतात. सैंधवही मुख्यतः तेच मीठ आहे. उपवासाला खा, पण ते बी.पी. वाढवत नाही असं समजू नका. उपवासाच्या दिवशी गोळी मात्र चुकवायची नाही. गोळी पाण्याबरोबर घेतल्यानं देव रागावत नाही!

पानातून वगळायचं तसं वाढवायचंही असतं. पालेभाज्या, डाळी, ताक (बिनमिठाचं), वसईची केळी, शहाळं. यांतलं पोटॅशियम मिठाचा परिणाम कमी करतं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. आणि यजमानांची वेगळी अळणी आमटी करण्यापेक्षा साऱ्या घराची आमटीच कमी मिठाची करा. कोकम, लिंबू, लसूण, कोथिंबीर यांचा हात जरा सैल सोडला की पंधरा-वीस दिवसांत जिभेला सवय होते. रोज अर्धा तास भरभर चालणंही हवं. घरातली कामं म्हणजे चालणं नव्हे, कारण ती थांबत-थांबत होतात.

मोजायचं कसं

घरात यंत्र असेल तर दंडाला पट्टा बांधायचं असावं, मनगटाचं नको. दंड जाड असेल तर पट्टा मोठा लागतो, नाहीतर आकडा खोटाच जास्त येतो. आधी अर्धा तास चहा-कॉफी नको. लघवीला जाऊन यावं. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसावं. हात छातीच्या पातळीत टेबलावर ठेवावा. दोनदा मोजावं, मध्ये एक-दोन मिनिटं थांबावं, आणि दोन्ही आकडे तारखेसह लिहावेत. घरी मोजलेला आकडा १३५/८५ च्या वर वारंवार येत असेल तर डॉक्टरांना दाखवावा. कुकरची शिट्टी होतेय, मुलं भांडताहेत, आणि आपण उभ्या-उभ्या पट्टा गुंडाळतोय, असा मोजलेला आकडा काही कामाचा नाही.

यंत्र नसलं तरी अडत नाही. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा रक्तदाब आरोग्य उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मोजतात. आशाताईंना विचारा, त्या वार सांगतील. २०१७ सालच्या नोव्हेंबरात देशात रक्तदाब नियंत्रणाचा एक मोठा उपक्रम सुरू झाला. आपल्या राज्यातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे त्यातले पहिले जिल्हे. त्यात फार मोठी जादू नव्हती. ठरावीक साध्या गोळ्या, त्या घराजवळच्या केंद्रात मिळणार, प्रत्येकाची नोंद ठेवणार, आणि जो आला नाही त्याला आठवण करणार. एवढ्या साधेपणानंच पुष्कळांचा दाब आटोक्यात आला. घरीही हेच करता येतं. नोंद ठेवायची, गोळी चुकवायची नाही, आणि बरं वाटतंय म्हणून ती आपल्या मनानं थांबवायची नाही.

शेवटी एक इशारा. बाईला हृदयविकाराचा झटका आला तर छातीत कळ येतेच असं नाही. दम लागणं, जबडा, पाठ किंवा खांदा दुखणं, मळमळणं, विलक्षण थकवा, असंही असतं. ते 'पित्त झालंय' म्हणून घरात सोसू नका. बोलताना जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं किंवा एक हात लुळा पडला, तर १०८ ला फोन करा. पाहुणे जेवायचे आहेत, पोळ्या व्हायच्या आहेत, हे नंतर.

किराण्याच्या यादीची वही सगळ्यांकडे असते. तिच्या शेवटच्या पानावर घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा, पुढे रक्तदाबाचा आकडा आणि तारीख. आपण सगळ्यांना वाढून मग शेवटी जेवायला बसतो. या यादीत मात्र पहिलं नाव स्वतःचं लिहा.